बैल नसलेला जूवाला

आमच्या नगरात एक खोटे असे आहे, की ते बोलल्याबद्दल आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही. न बोलणाऱ्याला मात्र हातचे पद गमवावे लागते. जुन्या कायद्याने अथेन्सच्या नागरिकांचे चार वर्ग पाडले. शेतातून वर्षाला पाचशे मापे काढणारे पहिले, घोडा बाळगणारे दुसरे, बैलजोडी जुंपणारे तिसरे म्हणजे जूवाले, आणि ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही ते थेत. थेताने जनसभेत हात वर करावा, न्यायालयात बसावे, युद्धनौकेवर वल्हे मारावे; अधिकारपद घेऊ नये. हा कायदा कुणी रद्द केलेला नाही. रद्द करायचा तर तो आपल्याला आडवा येतो असे कुणीतरी उठून सांगावे लागेल, आणि तेवढ्यासाठी कोण उठणार? त्यापेक्षा सोपी वाट लोकांनी शोधली. सोडतीत नाव निघालेल्या माणसाला ‘वर्ग कोणता?’ असे विचारले, की तो ‘जूवाला’ म्हणतो. त्याच्या सात पिढ्यांत बैलाची शेपटी कुणी पिळलेली नसते. विचारणाऱ्याला ते ठाऊक असते, लिहून घेणाऱ्यालाही असते, आणि काम पुढे सरकते.

आमच्या स्फेत्तोस गावचा नावसोन हा एक शब्द बोलेल की नाही, या धास्तीत गावातल्या बारा घरांनी एक वसंत काढला. मी त्याच गावचा कुंभार. नावसोनच्या मधमाश्या ज्या मातीच्या नळ्यांत राहत, ते नळे माझ्या भट्टीतले. या प्रकरणात मी साक्षीदार होतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तटस्थ. प्रत्यक्षात मी तसा नव्हतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

नावसोन तेव्हा चाळिशीत होता. त्याचा बाप स्मिक्रोस वल्हेकरी होता आणि एका आरमारी लढाईत बुडाला. जमिनीचा तुकडा त्याने मागे ठेवला नव्हता, कारण त्याच्यापाशीच तो नव्हता. नावसोनचे नळे हिमेत्तोसच्या डोंगरउतारावर सरकारी जागेत ओळीने मांडलेले असत. तो हळू बोले, हळू चाले आणि हात धुतल्याशिवाय नळ्याचे झाकण काढत नसे. घरात शब्दाने शब्द वाढला असेल, तर त्या दिवशी तो उतारावर जातच नसे. त्याची बायको मिका म्हणायची, “मला भांडायचंच असलं तर मी मध काढायच्या आदल्या दिवशी भांडते. दुपारपर्यंत हा पडतं घेतो.” हे हसण्यावारी नेण्यासारखे असले, तरी नावसोनच्या लेखी ते हसण्याचे नव्हते. खोटी शपथ घेतलेला हात नळ्यात गेला, की माश्या त्याला ओळखतात आणि पुढच्या वसंतात घर सोडून जातात, हे त्याला माश्या पाळणाऱ्या जुन्या माणसांनी शिकवले होते, आणि त्याने ते आपल्या धंद्यातले ज्ञान म्हणून ठेवले होते; जसे मी भट्टीतल्या आचेचे ठेवतो.

तो उतार दहा वर्षांच्या कराराने दिलेला होता. करारवाला म्हातारा भला होता. नावसोनसकट बारा घरांना तो मधाच्या वाट्यावर नळे मांडू देई. तो म्हातारा वारला. करार येत्या हिवाळ्यात संपणार होता आणि नवा करार नगराच्या पाचशे सभासदांच्या सभेसमोर व्हायचा होता. फिलाग्रोसला तो उतार हवा होता. फिलाग्रोस हा आमच्याच गावचा, घोडा बाळगणारा, खालच्या अंगाला त्याचे द्राक्षमळे. उतार मिळाला की तिथे दगडी बांध घालून वरपर्यंत वेल चढवायचे, हे तो उघड बोलत असे. म्हणजे बारा घरांचे नळे तिथून उठणार होते. हिमेत्तोसवर माश्यांना मध देणाऱ्या थाइमची इतकी दाट झुडपे असलेली दुसरी मोकळी जागा उरलेली नव्हती.

आमच्या गावाच्या वाट्याला सभेत पाच जागा येतात. त्या वर्षी सोडतीत पाचवा पांढरा दाणा नावसोनच्या नावावर निघाला, आणि त्याच्यामागे राखीव म्हणून निघाला फिलाग्रोस. पद हाती येण्याआधी सभेसमोर तपासणी होते; नावसोन तीत टिकला, तर उताराचा करार होईल तेव्हा बारा घरांचा माणूस सभेत असेल. तो पडला, तर त्याच बाकावर फिलाग्रोस बसेल.

तपासणीची तालीम माझ्या छपरीत झाली. नावसोनचा मामा थिओगितोन हा दुसरा साक्षीदार. सत्तरीचा माणूस, तरुणपणी स्मिक्रोसच्या शेजारच्या बाकावर वल्हे मारलेला, आणि स्वतः एकदा सभेत बसून आलेला. पुकाऱ्याचे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचे, काम त्याने आपल्याकडे घेतले आणि माझ्या चाकाजवळ काठी आपटून उभा राहिला.

“बाप कोण?”

“स्मिक्रोस, स्फेत्तोसचा.”

“बापाची समाधी कुठं?”

“विहिरीच्या वाटेवर. रिकामी आहे, तो समुद्रात—”

“रिकामी आहे का असं विचारलं त्यांनी? वाटेवर म्हण आणि गप्प बस. आईला सांभाळतोस?”

“तीच मला सांभाळते.”

“हे तिथं बोललास तर पाचशे माणसं हसतील आणि तू लाल होशील. सांभाळतो म्हण. वर्ग कोणता?”

 मामाने पुन्हा काठी आपटली.

“अरे, म्हण की. जूवाला. काय दात काढायचाय का तुझा?”

“बैल कुठं आहेत, मामा?”

“माझे कुठं होते? मी म्हणालो, आणि वर्षभर बसून आलो.”

“तुमच्याकडं माश्या नव्हत्या.”

मामाने माझ्याकडे पाहिले. मग तो बाकावर बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, “हे बघ बाळा. ही शपथ नव्हे. नुसतं उत्तर. पाहुणा विचारतो, जेवलास का? पोटात भूक असली तरी आपण जेवलो म्हणतो. त्यानं का देव कोपतात?”

 माझ्या चाकावरची माती वाळू लागली.

“शपथ नसेल तर म्हणतो,” नावसोन शेवटी म्हणाला.

यानंतर घडले ते माझ्यामुळे. चार दिवसांनी मी फिलाग्रोसकडे द्राक्षरसाचे रांजण पोचवायला गेलो. त्याने मला सावलीत बसवले, प्याला भरून दिला, गावची विचारपूस केली. मी बोलका माणूस आहे. चाकावर दिवसभर एकटा बसणाऱ्याला ऐकणारा मिळाला की तोंड सुटते. मामाची काठी, नावसोनचे बैल, पाहुण्याची भूक, सगळे मी त्याला नकला करून सांगितले, आणि शेवटी हेही, की शपथ नसेल तरच तो म्हणणार आहे म्हणे. फिलाग्रोस डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. त्याने मला अंजिरांचा द्रोणही दिला. मी घरी आलो तेव्हा मला काहीच वाटले नव्हते. दोन दिवसांनी चाक फिरवताना एकदम हात थांबला. पण सुटलेला शब्द परत कसा आणणार, आणि नावसोनला सांगितले तर आहे तेवढेही त्याचे धैर्य जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघे फटफटताच निघालो. डोंगराला वळसा घालून शहर तीन तासांवर. नावसोनने धुतलेला झगा घातला होता आणि मिकाने बांधून दिलेली जवाची भाकर तो न खाता हातात धरून चालला होता. अर्ध्या वाटेवर मागून टापा वाजल्या. फिलाग्रोसने घोडा आमच्या बरोबरीने चालवला.

“नावसोन, पाणी पिऊन घे रे वाटेत. आत घसा फार कोरडा पडतो.”

“प्यालो आहे.”

“मामा, तुम्ही या वयात पायी? कमाल आहे.”

“घोड्याला माझा वास सोसत नाही,” मामा म्हणाला. “वल्ह्याचा आहे तो, जात नाही अजून.”

फिलाग्रोस हसला आणि माझ्याकडे एकदाही न पाहता पुढे गेला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, यावरूनच मला कळले, की तो ते वापरणार आहे. 

सभागृहात बाके चढत्या ओळींनी भरलेली होती. मावळत्या वर्षाचे पाचशे जण तिथे नव्यांची तपासणी करायला बसले होते. मधोमध वेदी, शेजारी लेखनिकाचा चौरंग, आणि दाराशी आमच्यासारख्यांची रांग. आमच्यापुढे वीसेक माणसे झाली. प्रत्येकाला तेच प्रश्न, प्रत्येकाचे तेच उत्तर. पिरेयसचा एक खलाशी ‘जूवाला’ म्हणाला तेव्हा त्याच्या पायाला डांबर लागलेले होते. पुकाऱ्याने ते पाहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या दिवसाचा सभापती सोडतीने झालेला एक चांभार होता. सूर्यास्तापर्यंत नगराची किल्ली त्याच्यापाशी, आणि अंगठे मात्र कातड्याच्या रंगाने काळे.

नावसोनचे नाव पुकारले गेले. बाप, आजा, आई, आईचा बाप. घरचे देव कुठे आहेत, समाध्या कुठे आहेत, कुठल्या मोहिमांवर गेलास. प्रत्येक उत्तराला आम्ही दोघे मान हलवून साक्ष देत होतो.

“वर्ग कोणता?”

“जूवाला,” नावसोन म्हणाला. हळू, पण स्पष्ट. लेखनिकाने मान खाली घातली. मामाने माझ्या कोपराला चिमटा काढला.

पुकाऱ्याने विचारले, “या माणसावर कुणाला आरोप करायचा आहे?”

फिलाग्रोस उठला. “आरोप नाही. नावसोन माझ्या गावचा आहे, सज्जन आहे. माझी इतकीच विनंती, की शेवटचं उत्तर त्यानं वेदीवर हात ठेवून, शपथेवर सांगावं. मग मी समाधानानं घरी जाईन.”

बाकांवरचा गलबला थांबला. त्या शांततेचे कारण माझ्या उशिरा ध्यानात आले. फिलाग्रोसने नावसोनला खोटारडा म्हटले नव्हते. म्हटले असते, तर बाकांवरच्या अर्ध्या माणसांनी त्याला ओरडून खाली बसवले असते. त्याने शपथ मागितली होती. शपथेला नको म्हणणे हे वेदीसमोर कुणाला जमणार? आणि आज एकाला शपथ घालता येते असे ठरले, तर रांगेत मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती घालता येईल. तो डांबराच्या पायांचा खलाशी दाराकडे सरकला होता.

सभापतीने आपल्या काळ्या अंगठ्यांकडे पाहिले. “कायद्यात मनाई नाही,” तो अखेर म्हणाला. “नावसोन, वेदीपाशी ये.”

नावसोन गेला. त्याने हात वेदीवर ठेवला, उजवा, ज्याने तो झाकणे काढतो तो. पुकाऱ्याने प्रश्न पुन्हा विचारला.  मी नावसोनकडे पाहत मनात बारा घरे मोजत होतो. ‘जूवाला’ म्हटले तर उतार राहील आणि त्याच्या हिशेबाने माश्या जातील. ‘थेत’ म्हटले तर माश्या राहतील आणि उतार जाईल. मी मनोमन त्याला ढकलत होतो: बोल, माश्या परत आणता येतात. पण मी कुंभार होतो, आणि माश्या माझ्या नव्हत्या.

पुकाऱ्याने तिसऱ्यांदा विचारले.

“शपथेवर सांगायचं तर,” नावसोन म्हणाला, “मी थेत आहे.”

कुणी हसले नाही. लेखनिकाची लेखणी मेणाच्या पाटीवर अधांतरी थांबली. माझ्या आयुष्यात त्या सभागृहात हा शब्द कुणी स्वतःबद्दल उच्चारलेला मी ऐकला नव्हता. बाकांवरचे लोक त्याच्याकडे पाहत नव्हते, आपापल्या गुडघ्यांकडे पाहत होते. फिलाग्रोस सावकाश खाली बसला. त्याचे काम झाले होते.

तेव्हा मामा पुढे सरसावला. “सभापती, आम्हां साक्षीदारांना कशाला आणलंय मग? माणूस स्वतःच्या मालमत्तेबद्दल विनयानं काहीही बोलेल. वर्ग गाव सांगतं. आम्हांला विचारा.”

बुडत्याला काडी मिळावी तशी सभापतीने ती सूचना धरली. “साक्षीदारांनी यावं. शपथेवर,” त्याने जोडले, कारण आता त्याला ते टाळता येत नव्हते.

मामाने वेदीवर असा हात टेकला, जसा काही तो घरचा उंबरा. “जूवाला आहे.”

फिलाग्रोस बसल्या जागेवरून म्हणाला, “बैलांचा रंग तरी सांगा, मामा.”

“एक तांबडा, एक काळा. तांबडा लाथ मारतो, जरा जपून.”

सभागृहभर हशा पिकला, आणि त्या हशात सुटकेचा नि:श्वास होता. पण कायद्याला दोन साक्षी लागतात. हशा ओसरला आणि पाचशे चेहरे माझ्याकडे वळले.

आम्हां कुंभारांनाही काही कमी भय नसते. भट्टीत भांडी फोडणाऱ्या दुष्ट शक्ती असतात. खोट्या शपथेचा वास त्यांना लांबून येतो, असे माझ्या बापाने मला सांगितले होते. वेदीचा दगड थंड होता. नावसोन माझ्यापासून दोन हातांवर उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता. ‘बोल’ असे त्याच्या नजरेत नव्हते, ‘बोलू नकोस’ असेही नव्हते. माझ्या मनात फिलाग्रोसचा प्याला होता आणि अंजिरांचा द्रोण होता.

“जूवाला आहे,” मी म्हणालो. “मी शपथेवर सांगतो.”

फिलाग्रोस ताडकन उठला. “मग या माणसानं आत्ता आपल्यासमोर काय सांगितलं? तिघांपैकी कुणीतरी देवासमोर खोटं बोललं आहे.”

सभापती नावसोनकडे वळला. आता त्या चांभाराचा आवाज स्थिर होता. आपल्या हातात नेमके कोणते हत्यार आहे ते त्याला कळले होते. “नावसोन, तुझ्या गावच्या या दोघांनी खोटी शपथ घेतली, असा तुझा आरोप आहे का? असेल तर तसं म्हण. मी लिहून घेतो, आणि त्यांच्यावर खटला चालेल.”

मामाची काठी फरशीवर टकटक करू लागली.   नावसोनने मामाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग कितीतरी वेळ वेदीकडे. दाराबाहेर एक अंजीरवाली ओरडत होती, ती मला अजून ऐकू येते.

“आरोप नाही,” तो म्हणाला.

“मग उत्तर काय लिहायचं?”

“मी माझं सांगितलं. त्यांनी त्यांचं सांगितलं.”

“दोन साक्षी एका बाजूला आहेत,” सभापती म्हणाला आणि लेखनिकाला खूण केली. “लिही. जूवाला. मत घ्या.”

हात वर झाले. मी मोजले नाहीत. मोजण्याची गरज नव्हती. कुणीतरी नावसोनच्या डोक्यावर सभासदाचा, मेंदीच्या डहाळ्यांचा मुकुट ठेवला. फिलाग्रोसनेही, सगळे पाहत असल्यामुळे, हात वर केला होता.

परतीच्या वाटेवर मामा दमून मागे राहिला होता. मी नावसोनच्या बरोबरीला गेलो आणि म्हणालो, “फिलाग्रोसला शपथेचं मी सांगितलं होतं. रांजण द्यायला गेलो तेव्हा.”

“ठाऊक आहे. तुझ्याखेरीज कोण गेलं होतं त्याच्याकडं?”

“मग आधी का बोलला नाहीस?”

“तू साक्षीला आला नसतास.”

 हातातली भाकर त्याने मोडली, अर्धी मामासाठी ठेवली आणि उरलेली मला देऊन तो पुढे चालू लागला.

हिवाळ्यात करार सभेसमोर आला. नावसोन वर्षभरात तेवढा एकदाच उठला, असे मामाने चौकशी करून मला सांगितले. त्याने उताराबद्दल चार वाक्ये सांगितली. मागच्या बाकांना ती ऐकूही गेली नसावीत. उतार बारा घरांच्या नावे एकत्र दिला गेला. फिलाग्रोसने आपला बांध आपल्याच हद्दीत घातला. नावसोन एरवी वर्षभर आपल्या बाकावर बसला, मतांच्या वेळी हात वर केला किंवा केला नाही, आणि एकदाही, कुणी थट्टेने विचारले तरीही, स्वतःला जूवाला म्हणाला नाही. लेखनिकाच्या यादीत मात्र तो तसाच आहे.

वसंत आला. त्याच्या माश्या गेल्या नव्हत्या. उलट कितीतरी थवे जास्तच फुटले, म्हणून त्याने निरोप पाठवला, की चोवीस नळे हवेत, आतून चरे पाडलेले. माझ्या त्या वर्षीच्या दोन भट्ट्यांतली भांडी तडकून गेली होती. कारण ओल्या सरपणाचे होते, असे मी सगळ्यांना सांगत असे. चोवीस नळे धड निघेपर्यंत थाइम फुलायला आले. मी ते गाढवावर लादून उताराच्या पायथ्याशी नेले आणि वर चढू लागलो.

नावसोन वरून लगबगीने खाली आला. त्याने हात पुढे करून मला थांबवले.

“इथंच उतरव, सिमोस.”

“वर आणून मांडून देतो. दरवर्षी देतोच की.”

“नको.” तो गाढवाच्या दोऱ्या सोडू लागला. “तू माझ्यासाठी बोललास. ते मी विसरत नाही. पण माश्यांना ते कळायचं नाही.”

मी दगडावर बसलो. त्याने दोन-दोन नळे खांद्यावर घेतले आणि बारा खेपा करून ते एकट्याने वर नेले.